गाडीचं मुखत्यारपत्र आणि इजिप्तची निवडणूक

2023 च्या सप्टेंबरात आम्ही कैरो सोडायच्या तयारीत होतो. नवऱ्याची बदली झाली होती, सामान जहाजानं पुढे गेलं होतं, राहिली होती फक्त गाडी. ती आमच्या मागे विकली जावी म्हणून वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यायचं ठरलं. इजिप्तमध्ये हे काम ‘शहर अकारी’ या कचेरीत होतं. आपल्याकडच्या दुय्यम निबंधक कार्यालयाशी बरंचसं मिळतंजुळतं, न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतलं. घर, गाडी, वारसाहक्क, कोर्टकचेरी, कशातही तुमच्या वतीनं दुसऱ्यानं सही करायची म्हटली की इथला कागद लागतो, तिथे ‘तौकील’ म्हणतात तो.

नेमकं त्याच सुमारास, 25 सप्टेंबरला, राष्ट्रीय निवडणूक प्राधिकरणानं राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वेळापत्रक जाहीर केलं. इच्छुकांनी 5 ते 14 ऑक्टोबरदरम्यान अर्ज भरायचे होते. इजिप्तच्या राज्यघटनेचं 142 वं कलम सांगतं की उमेदवार व्हायचं तर एकतर 20 खासदारांचा पाठिंबा आणा, नाहीतर किमान 15 प्रांतांतून 25 हजार मतदारांचा, प्रत्येक प्रांतातून किमान एक हजार. आणि मतदारानं हा पाठिंबा नोंदवायचा कुठे? शहर अकारीतच. गाडीचं मुखत्यारपत्र आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा पाठिंबा, दोन्ही कामं एकाच प्रकारच्या कचेरीत येऊन ठेपली होती. मी इतकी वर्षं त्या देशात राहिले, पण तिथली राज्यव्यवस्था मला नीट उमजली ती या कागदाच्या पायी.

माझं काम अडलं नावावर. पाटीलमधला ‘प’ अरबीत नाही, ‘ट’ही नाही. ‘प’चा ‘ब’ करतात, त्याला इलाज नाही. ‘ट’च्या जागी ‘त’ लिहितात, पण ‘त’ची अक्षरं अरबीत दोन आहेत. निवास परवान्यावर एक पडलं होतं आणि पासपोर्टच्या अधिकृत भाषांतरात दुसरं. खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पेनचं टोक त्या अक्षरावर टेकवलं आणि म्हणाल्या, “मदाम, कागदावर या दोन वेगळ्या बायका आहेत.” त्यांचं बरोबर होतं. कागद खोटा पडला तर सही त्यांची असते. भाषांतर परवान्याप्रमाणे नव्यानं करून घेतलं. (तिकडे राहणाऱ्यांना कळकळीनं सांगते: पहिला निवास परवाना हातात पडला की अरबी येणाऱ्या कुणाकडून तरी नाव अक्षर न् अक्षर तपासून घ्या. पुढचे सगळे कागद त्यावरच उभे राहतात.) मला बोलण्यापुरती अरबी येते, कायद्याची येत नाही, म्हणून दुभाष्याही न्यावा लागला. मजकूर वकिलांनी आधीच लिहून दिला होता. मुखत्यारपत्र ‘खास’ हवं, फक्त या एका गाडीपुरतं. ‘आम’ म्हणजे आपलं कुलमुखत्यारपत्र, ते मी दिलं नाही आणि कुणी देऊही नये.

पुन्हा गेले तेव्हा दारात गर्दी मावत नव्हती. बाहेर मिनीबस उभ्या होत्या, राष्ट्राध्यक्ष अब्देल फत्ताह अल-सीसींचे फलक होते, लाऊडस्पीकरवर गाणी चालू होती. आत लोक पाठिंबा नोंदवायला ओळखपत्रं हातात धरून उभे होते. प्रत्येक इजिप्शियनाचा 14 आकडी राष्ट्रीय क्रमांक त्यावर असतो, जन्मतारीख आणि प्रांताचा संकेतांक त्या आकड्यांतच गुंफलेला. रांग सरकत होती. माझा नंबर आला आणि खिडकीतून आवाज आला, “सिस्टम वाके”, म्हणजे सिस्टम बंद पडलीये.

तिथे हे वाक्य रोज ऐकू येतं, मला त्याचं काही वाटलं नसतं. पण त्याच दिवसांत अहमद अल-तन्तावी या विरोधी नेत्याचे समर्थक जागोजागी तक्रार करत होते की आम्हाला कचेऱ्यांमध्ये हेच सांगून परत पाठवतात, सिस्टम बंद आहे, उद्या या. निवडणूक प्राधिकरणानं या तक्रारी फेटाळल्या. तन्तावींचे पाठिंबे 14 हजारांच्या आसपास अडकले आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्यांनी माघार जाहीर केली. सीसींच्या बाजूला चारशेहून जास्त खासदार आणि 11 लाखांवर नागरिक होते. उरलेले तिन्ही उमेदवार खासदारांच्या सह्यांवर आत आले. नागरिकांचा रस्ता घटनेत लिहिलेला आहे, पण त्या रस्त्यानं विरोधकांपैकी कुणीही मतपत्रिकेपर्यंत पोचलं नाही.

वाट पाहताना मी वकिलांना विचारलं, “उस्ताज, असं अडलं तर इथली माणसं कुणाकडे जातात?” आपल्याकडे नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसता येतं, जिल्हा परिषदेचा सदस्य गाठता येतो, काम होवो न होवो. ते म्हणाले, असं कुणी नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन पडताळून पाहिलं. देशात 27 प्रांत, प्रत्येकाचा राज्यपाल राष्ट्राध्यक्ष नेमतात. निवडून दिलेल्या स्थानिक परिषदा होत्या, त्या 2011 च्या क्रांतीनंतर न्यायालयाच्या आदेशानं बरखास्त झाल्या आणि तेव्हापासून त्यांची निवडणूकच झालेली नाही. 2014 च्या घटनेत स्थानिक परिषदांची तरतूद स्पष्ट आहे, तरीही. मुंबई-पुण्याच्या महापालिका 2022 पासून प्रशासकाच्या हाती गेल्या तेव्हा आपण किती अस्वस्थ झालो होतो. इजिप्तमध्ये एक अख्खी पिढी स्थानिक मतदान न करता मोठी झाली आहे.

वर संसद आहे. प्रतिनिधीगृहात 568 निवडून आलेले सदस्य आणि राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले 28. निवडून येणाऱ्यांतले निम्मे बंद याद्यांमधून येतात, आणि जी यादी जिंकते तिला त्या विभागातल्या सगळ्या जागा मिळतात. 2020 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या वरिष्ठ सभागृहात 300 पैकी 100 नेमलेले. 2019 च्या घटनादुरुस्तीनं राष्ट्राध्यक्षांचा कार्यकाळ चार वर्षांचा सहा केला आणि सीसींना आणखी एकदा उभं राहायची मुभा दिली. हे सगळं मी पूर्वीही बातम्यांत वाचलं असेल. पण खिडकीसमोर उभं राहिल्यावर त्याचा अर्थ लागला. वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर नेमलेला माणूस आहे, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर ही बाई बसली आहे, जिच्या मागे तीनशे फायली आणि पुढे आम्ही. तिच्यावर राग धरणं मला जमलं नाही. ती माझ्याशी कधीही उद्धटपणे बोलली नाही.

सिस्टम दुपारी सुरू झाली. मजकूर संगणकावर चढला, दुभाष्यानं मोठ्यानं वाचून दाखवला, मी रजिस्टरमध्ये सही केली. मग शिक्का. तिथे सगळे त्याला गरुडाचा शिक्का म्हणतात, आणि तो नसेल तर कागदाला कुणी हात लावत नाही. निळ्या शाईत पंख पसरलेला गरुड, पायात देशाच्या नावाची पट्टी, ‘जुम्हूरियत मिस्र अल-अरबिया’, म्हणजे इजिप्तचं अरब प्रजासत्ताक. राजेशाही संपवून प्रजासत्ताक जाहीर झालं 18 जून 1953 ला. हे नाव मात्र 1971 चं, त्याआधी देश ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ होता. बाईंनी शिक्का दोनदा दाबला, शाई पुसट आली म्हणून तिसऱ्यांदा.

गाडी नोव्हेंबरात विकली गेली, वकिलांनी पैसे चोख पाठवले. 10 ते 12 डिसेंबरला मतदान झालं आणि सीसी 89.6 टक्के मतांनी निवडून आल्याचं जाहीर झालं. कचेऱ्यांत नोंद होईना तेव्हा तन्तावींनी समर्थकांना पाठिंब्याचे अर्ज स्वतःच छापून भरायला सांगितलं होतं. परवानगीशिवाय निवडणुकीचे कागद वाटल्याच्या आरोपावरून 2024 मध्ये त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली, अपिलातही ती कायम राहिली आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं.