सामने नसतात तेव्हाचं बेसबॉल

"नोव्हेंबरात हंगाम संपतो, मार्चअखेरीपर्यंत हंगामातला एकही सामना नसतो, तरी रोज अमेरिकन बेसबॉलच्या कसल्या बातम्या वाचत बसतेस?" घरचे विचारतात, आणि एरवी माझ्याबरोबर सामने बघणारे मित्रही विचारतात. त्यांच्या लेखी हिवाळ्यात फक्त करारांचे आकडे असतात, खेळाडूंची अदलाबदल असते आणि जुन्या खेळाडूंचे सत्कार असतात. मला वाटतं, या खेळातली सगळ्यात मोठी लढाई, खेळाडूला स्वतःचा संघ निवडता यावा यासाठीची, याच महिन्यांत लढली गेली, आणि ती अजून पुरती संपलेली नाही.

८ डिसेंबर २०२४ चा रविवार घ्या. संघांचे अधिकारी हिवाळी बैठकांसाठी डॅलसमध्ये जमले होते. संध्याकाळी हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, समितीचा निकाल आला: १६ पैकी १३ मतं मिळवून जुना खेळाडू डिक ॲलन निवडून आला. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. आधी दोनदा तो एकेका मतानं हुकला होता. त्याच रात्री दुसरी बातमी आली. हुआन सोतोनं न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. सगळी चर्चा त्या आकड्याकडे वळली. मला मात्र त्या दोन्ही बातम्यांमध्ये तिसराच माणूस दिसत होता, दिवंगत खेळाडू कर्ट फ्लड.

७ ऑक्टोबर १९६९ ला सेंट लुइस कार्डिनल्स आणि फिलाडेल्फिया फिलीज यांनी सात खेळाडूंची अदलाबदल ठरवली. फिलाडेल्फियाकडून येणाऱ्यांत मोठं नाव डिक ॲलनचं, सेंट लुइसकडून जाणाऱ्यांत कर्ट फ्लडचं. ॲलनला फिलाडेल्फिया सोडायचंच होतं. तिथले प्रेक्षक या कृष्णवर्णीय खेळाडूला शिव्या देत, वस्तू फेकून मारत; क्षेत्ररक्षण करतानाही तो हेल्मेट घालून उभा राहायचा. फ्लडला नेमकं तिथेच जायचं नव्हतं. तोही कृष्णवर्णीय. सेंट लुइसमध्ये त्यानं १२ हंगाम काढले होते, सेंटर फील्डला लागोपाठ सात वर्षं गोल्ड ग्लव्ह हा उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार जिंकला होता, दोन वर्ल्ड सिरीज (हंगामाचं अंतिम विजेतेपद) जिंकणाऱ्या संघात तो होता. त्याचं घर तिथे होतं, माणसं तिथे होती. अदलाबदल करताना त्याला कुणी विचारलं नाही, कारण विचारायची पद्धतच नव्हती.

प्रत्येक करारात तेव्हा 'रिझर्व्ह क्लॉज' असायचा. करार संपला की क्लबला तो एक वर्षानं वाढवता यायचा, आणि ते एक वर्ष दरवर्षी नव्यानं मोजता येतं असा क्लबांनी त्याचा अर्थ लावला होता. म्हणजे खेळाडू कायमचा क्लबच्या ताब्यात. क्लब त्याला विकू शकत होता, त्याला मात्र दुसरीकडे जाता येत नव्हतं. आयपीएलच्या लिलावातही खेळाडूला संघ निवडता येत नाही, असं मला कुणीतरी म्हणतंच. पण तिथे कराराची मुदत संपते. इथे क्लबनं स्वतःहून सोडलं नाही तर सुटका फक्त निवृत्तीतच होती.

फ्लडनं हे एकदा सोसलं होतं. १९५७ च्या डिसेंबरात, १९ वर्षांचा असताना, सिनसिनाटीनं त्याला सेंट लुइसला देऊन टाकलं, तेव्हा तो व्हेनेझुएलात हिवाळी सामने खेळत होता. या वेळी त्यानं नकार दिला आणि कोर्टात जायचा विचार केला. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की खटला हरण्याचीच शक्यता जास्त आहे आणि खेळाडू म्हणून तुझं आयुष्य संपेल. फ्लडनं विचारलं, पुढच्या खेळाडूंना याचा फायदा होईल का? होईल, असं मिलर म्हणाले. मग डिसेंबरात सान हुआनला खेळाडूंच्या प्रतिनिधींची बैठक झाली. २५ विरुद्ध शून्य मतांनी ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. २४ डिसेंबरला त्यानं बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी, कमिशनर बॉवी कून यांना पत्र लिहिलं: मेजर लीगमध्ये (सर्वोच्च स्तरावर) बारा वर्षं काढल्यावर, माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी मालमत्ता मी आहे असं मला वाटत नाही. कून यांचं उत्तर सभ्य होतं. माणूस मालमत्ता नसतो हे मान्य, पण इथे त्याचा संबंध काय, असा त्याचा मथितार्थ.

१९७० चा पूर्ण हंगाम फ्लड खेळला नाही. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा माणूस डेन्मार्कला जाऊन राहिला. त्याच्या खटल्यात साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन, हँक ग्रीनबर्ग असे निवृत्त खेळाडू आले. मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. त्यांची भीती मला समजते, तरी हे वाचताना दर वेळी गलबलून येतं. १९७१ ला तो वॉशिंग्टनकडून परतला, १३ सामने खेळला आणि निघून गेला. जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ३ असा निकाल त्याच्या विरोधात दिला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालपत्रात ८० हून अधिक थोर खेळाडूंची नावं कौतुकानं लिहिली. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सूट विसंगत आहे हेही मान्य केलं, आणि ती दुरुस्त करायचं काम अमेरिकेच्या संसदेवर, काँग्रेसवर टाकलं.

पण दार किलकिलं झालं होतं. १९७३ मध्ये क्लब आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारात नवा नियम आला: दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूची अदलाबदल त्याच्या संमतीशिवाय होणार नाही. हा नियम चार वर्षं आधी असता तर फ्लडला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंना रिझर्व्ह क्लॉजमधून मोकळं केलं, आणि फ्री एजंट, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जाऊ शकणारा खेळाडू, हा प्रकार खऱ्या अर्थानं सुरू झाला. मालकांनी साइट्झना लगेच कामावरून काढलं. पुढच्याच हिवाळ्यात नामांकित फलंदाज रेजी जॅक्सन स्वतःच्या मर्जीनं यांकीजकडे गेला. सोतोचा करार याच वाटेवरचा आहे.

मिलर यांना २०१९ च्या डिसेंबरात हॉल ऑफ फेमसाठी निवडलं, मृत्यूनंतर सात वर्षांनी. आता ॲलनही तिथे आहे. फ्लड १९९७ च्या जानेवारीत गेला. पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के लागतात, त्याला कधी पंधरा टक्क्यांच्या फार पुढे जाता आलं नाही. ज्या यादीतून ॲलन निवडला गेला, त्या आठ नावांत फ्लड नव्हताच. निव्वळ फलंदाजी पाहिली तर ०.२९३ ची सरासरी हॉलसाठी तोकडी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण मिलरना जे काम केलं म्हणून घेतलं, त्याची किंमत मोजली ती फ्लडनं, ऐन बत्तिशीत. हा अन्याय आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

जुन्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी समिती पुन्हा बसेल ती डिसेंबर २०२७ मध्ये. त्याआधी नावांची यादी जाहीर होईल. मी ती वाचणार आहे, आणि सगळ्यात आधी त्यात फ्लडचं नाव शोधणार आहे.