कांगनुंगची ती रात्र आणि कॅनडात जन्मलेला कोरियन गोलरक्षक

फेब्रुवारी 2018. दक्षिण कोरियातलं हिवाळी ऑलिम्पिक प्योंगचांगचं म्हणून ओळखलं गेलं, पण आइस हॉकीसारखे बर्फाच्या रिंकवरचे खेळ डोंगराखाली, पूर्व किनाऱ्यावरच्या कांगनुंग शहरात होते. सोलहून तिथं जाणारी वेगवान केटीएक्स गाडी आदल्या डिसेंबरातच सुरू झाली होती. दोन तासांच्या आत माणूस समुद्राजवळ पोचतो. मी तेव्हा कामानिमित्त सोलमध्ये राहत होतो. 15 तारखेच्या रात्रीचा कोरिया विरुद्ध चेक प्रजासत्ताक हा पुरुषांचा आइस हॉकी सामना बघायला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर निघालो. ते माझ्याहून वयानं बरेच मोठे. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं, "मी येतोय खरा, पण हा संघ आमचा आहे असं मला मनापासून वाटत नाही."

कारण उघड होतं. 25 जणांच्या संघात सातजण परदेशात जन्मलेले आणि वाढलेले होते. सहा कॅनडाचे, एक अमेरिकेचा. कोरियाशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. 2011 पासून लागू झालेल्या बदललेल्या नागरिकत्व कायद्यानं विशेष गुणवत्ता असलेल्या परदेशी माणसाला मूळ नागरिकत्व न सोडता कोरियन होता येतं. त्या वाटेनं 2013 मध्ये कॅनडाचा ब्रॉक राडुन्स्की संघात आला आणि त्याच्यामागून बाकीचे. सहकाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं: "मी ऐन तरुणपणातली जवळजवळ दोन वर्षं सैन्यात काढली. इथल्या प्रत्येक पोराला ती काढावी लागतात. यांना मात्र पासपोर्ट घरपोच."

मला त्यांचं बोलणं खोडून काढावंसं वाटलं नाही. सक्तीची सैनिकी सेवा ही त्या देशातल्या प्रत्येक घरातली गोष्ट आहे आणि तिचा हिशेब माणसं विसरत नाहीत. पण दुसरी बाजूही माझ्या डोक्यात होती. यजमान देशाला आइस हॉकीत आपोआप जागा मिळण्याची पद्धत 2006 नंतर बंद झाली होती. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं कोरियाला ती जागा दिली, ती संघ सुधारेल या भरवशावर. सुधारणार कसा? देशात मोठ्या माणसांचे व्यावसायिक संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही जपानी संघांबरोबर आशिया लीगमध्ये खेळणारे. 1982 मध्ये याच जपाननं कोरियाला 25-0 असं धुतलं होतं. कॅनडासमोर नुसती घरची पोरं उभी केली असती तर ऑलिम्पिकच्या बर्फावर त्यांची काय गत झाली असती, हे कोणीही सांगू शकलं असतं.

मग प्रशिक्षक म्हणून जिम पेक आले. जन्म सोलचा, पण वर्षभराचे असताना कॅनडात गेलेले. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये खेळलेले पहिले कोरियात जन्मलेले खेळाडू, पिट्सबर्ग पेंग्विन्सकडून 1991 आणि 1992 मध्ये तिथला स्टॅन्ले कप जिंकलेले. या माणसाला कोणत्या रकान्यात टाकायचं? मी सहकाऱ्यांना विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते आमचे." त्यावर लगेच काही बोललो नाही, पण तो प्रश्न रात्रभर सोबत राहिला.

पेक यांच्या हाताखाली 2016 मध्ये कोरियानं जागतिक स्पर्धेत जपानला 3-0 हरवलं. 2017 च्या एप्रिलमध्ये कीवला युक्रेनवर शूटआउटमध्ये मात करून संघ पहिल्यांदाच सर्वोच्च गटात चढला.

कांगनुंगला उतरलो तेव्हा अंधार पडायला अजून वेळ होता. आनमोकच्या किनाऱ्यावर कॉफीच्या दुकानांची रांगच आहे, तिथं गरम होऊन घेतलं आणि बसनं स्टेडियम गाठलं. कांगनुंग हॉकी सेंटरची क्षमता दहा हजारांची. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती थंडी नाही, आवाज. सगळं स्टेडियम एका ठेक्यात "दे-हान-मिन-गुक", म्हणजे देशाचं कोरियन नाव, ओरडतं आणि मागोमाग पाच टाळ्या पडतात. हा ठेका अंगात कधी भिनतो ते कळत नाही. मीही टाळ्या पिटू लागलो होतो.

पहिल्या सत्राचं आठवं मिनिट. राडुन्स्कीकडून पक (आइस हॉकीची चकती) आला आणि सोलच्या चो मिन-होनं तो चेक गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, चकवून जाळ्यात घातला. कोरियाच्या पुरुष संघाचा ऑलिम्पिकमधला पहिलावहिला गोल. कॅनडात जन्मलेल्या माणसाचा पास, कोरियात जन्मलेल्या माणसाचा गोल. या सगळ्या वादाचं याहून स्पष्ट उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. आयात खेळाडू घरच्यांच्या जागा खातात, असं आपण म्हणतो. काही जागा खातातही, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या रात्री एका आयात खेळाडूमुळे घरच्या मुलाचं नाव देशाच्या इतिहासात गेलं. चो मिन-हो 2022 मध्ये कर्करोगानं गेला, अवघ्या पस्तिशीत. तो गोल आता त्याच्या नावावर कायमचा आहे.

चेक संघानं त्याच सत्रात दोन गोल करून आघाडी घेतली. तिथून पुढे सामना मॅट डाल्टनचा होता. ओंटारिओचा हा गोली 2014 मध्ये आन्यांग हाल्ला क्लबकडून खेळायला कोरियात आला आणि 2016 मध्ये नागरिक झाला. त्यानं आपल्या मुखवट्यावर कोरियाचे जुने नौदल सेनापती यी सुन-शिन यांचा सोलच्या ग्वांगह्वामुन चौकातला पुतळा रंगवून घेतला होता. चेक खेळाडू फटक्यामागून फटके मारत होते आणि तो कधी पॅडनं, कधी हातमोज्यानं, कधी नुसत्या अंगानं ते अडवत होता. प्रत्येक बचावाला सहकारी जागेवरून अर्धे उठत. शेवटच्या मिनिटांत ते बसलेच नाहीत. 2-1 नं हरलो. मी "हरलो" म्हणतोय, तेही तेच म्हणत होते.

पुढचे सामने जड गेले. स्वित्झर्लंड 8-0, कॅनडा 4-0. फिनलंडविरुद्ध 5-2 अशी हार झाली, तरी राडुन्स्कीनं एक गोल केला.

महिलांच्या संघाची गोष्ट निराळी होती आणि मला जास्त अस्वस्थ करून गेली. तिथं अमेरिका-कॅनडातून आणलेल्या मुलींचं मूळ कोरियन होतं. जपानविरुद्ध संघाचा पहिला गोल करणारी रॅंडी हीसू ग्रिफिन ही कोरियन आईची अमेरिकेत वाढलेली लेक. मरिसा ब्रँट बाळ असताना दत्तक गेली, मिनेसोटात वाढली आणि इथं जर्सीवर पार्क यून-जंग हे जन्मनाव घालून खेळली. तिची बहीण हॅना त्याच ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून सुवर्णपदक जिंकली. या मुलींबद्दल फारसं कोणी कुरकुरलं नाही. खरा राग उसळला तो ऐन स्पर्धेच्या तोंडावर उत्तर कोरियाच्या 12 खेळाडूंना घेऊन संयुक्त संघ केला तेव्हा. त्याच द्वीपकल्पावर जन्मलेल्या, तीच भाषा बोलणाऱ्या त्या मुली. पण त्यांच्यामुळे वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या मुलींचा बर्फावरचा वेळ कमी होणार होता, आणि हे कोरियन तरुणांना अन्यायाचं वाटलं. मलाही वाटलं. म्हणजे रक्त एक असणं पुरेसं नव्हतं. कोणी कष्ट करून जागा मिळवली, हे लोक बघत होते.

मग डाल्टननं ती कष्टानं मिळवली नव्हती का? आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियमही तेव्हा हेच सांगत होता: नवं नागरिकत्व घेतलेल्यानं त्या देशाच्या स्पर्धांत किमान दोन वर्षं सलग खेळलेलं असलं पाहिजे. राडुन्स्की तर 2008 पासून आन्यांगच्या संघात होता. नुसत्या पासपोर्टपेक्षा मला ही राहण्याची अट महत्त्वाची वाटते, आणि ती दोन वर्षांहून मोठी असावी असं माझं मत आहे.

परतीच्या गाडीत हे मी सहकाऱ्यांना म्हटलं. त्यांनी बराच विचार केला. "डाल्टन चालेल," ते म्हणाले, "पण ऑलिम्पिक संपल्यावर तो इथंच राहतो का ते बघू." डाल्टन राहिला. पुढची अनेक वर्षं तो आन्यांगच्याच गोलपुढे उभा होता. सैन्याचा मुद्दा मात्र सहकाऱ्यांनी सोडलेला नाही. भेटलो की अजून वाद होतो.