तुम्ही विचारलंत म्हणून: डो रे मी आपल्या सारेगमवरून आलं का?

मी व्हायोलिन शिकवते आणि जूनमध्ये नवी बॅच आली की कुणाची तरी आई किंवा आजोबा हे विचारतातच, की मॅडम, पाश्चात्त्य संगीतातलं डो रे मी म्हणजे आपलंच सारेगम ना, रे तर सेमच आहे. प्रश्न रास्त आहे, कारण सारेगम खरंच जुनं, तमिळनाडूत कुडुमियनमलैच्या खडकावर स्वरांची अक्षरं कोरलीत ती ७व्या-८व्या शतकातली, आणि डो रे मी त्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी आलं. पण रे जुळला तो योगायोग. आपला रे ऋषभ या सुराच्या नावातला, त्यांचा एका लॅटिन स्तोत्रातला.

११व्या शतकात इटलीत अरेत्सो गावी गुइदो नावाचा मठातला साधू चर्चच्या पोरांना गाणं शिकवायचा. सगळं तोंडपाठ, गुरूने म्हणायचं नि पोरांनी मागून म्हणायचं, अगदी आपल्यासारखं, आणि त्यात दहा-दहा वर्षं जायची. तसं बघायला गेलं तर प्राचीन ग्रीकांना सूर लिहिता यायचे हो, तुर्कस्तानात सापडलेल्या सैकिलॉसच्या दगडी खांबावर शब्दांच्या डोक्यावर सुरांची अक्षरं आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीची, आणि ते गाणं आज गाता येतं! पण ती विद्या पुढे विसरली गेली, इतकी की ७व्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर लिहून गेला की सूर लिहिता येत नाहीत, आठवणीत राहिले नाहीत तर गेले. हे वाचलं की मला अजून कसंतरी होतं.

गुइदोने काय केलं, तर संत जॉनचं एक स्तोत्र घेतलं ज्याच्या पहिल्या सहा ओळींत प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर सुरू होते, आणि त्या ओळींची पहिली अक्षरंच सुरांना दिली, उत, रे, मी, फा, सोल, ला. (उतचा डो नंतर झाला, सातवा सी पण नंतरचा.) शिवाय सुरांच्या खुणा आधी शब्दांवर नुसत्या वरखाली तरंगायच्या, किती वर किती खाली ते कळायचं नाही, त्यांना त्याने रेघांवर बसवलं, फाची रेघ लाल, उतची पिवळी. पोप जॉन एकोणिसावे यांनी त्याला रोमला बोलावून घेतलं, त्याची अशी रेघांवर लिहिलेली गाण्यांची वही बघितली आणि कधीच न ऐकलेली एक ओळ तिथेच बसून स्वतः गायली.

मला हे सारं ज्यांच्याकडून आलं ते सर गोव्याचे. तिथे चर्चच्या शाळांमधून पोरांना हेच सोल्फा, म्हणजे डो रे मीवरून गाणं वाचायला, शिकवायचे, आणि त्यातलीच कितीतरी पोरं पुढे मुंबईच्या फिल्म रेकॉर्डिंगला समोरचा कागद वाचून वाजवायला बसली. सरांनी पहिल्या महिन्यातच माझ्यापुढे अनोळखी पान ठेवलं, व्हायोलिन हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, आधी गा. अडखळले, पण ओळ बरोबर आली.