लाभ, दोन, तीन...

यंदाची कोजागिरी पार पडली. दीपप्रज्वलन झालं, अहवाल वाचला गेला, दहावी-बारावीच्या मुलांना पेनं दिली. एकेकाळी मीच चिटणीस होतो, त्यामुळे अहवाल कोणी ऐकत नाही हे मला कोणी सांगायला नको.

खरी कोजागिरी सुरू होते ती दुकानवाले काका माईकपाशी गेल्यावर. नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान. आजोबांनी स्वातंत्र्याच्या आधी टाकलं, मग वडिलांनी चालवलं, मग काकांनी. आता गल्ल्यावर सूनबाई असतात. काकांचं भाषण दरवर्षी तेच, आणि मी दरवर्षी पहिल्या रांगेत.

सुरुवात नव्या पैशांपासून. १ एप्रिल १९५७ पासून एका आण्याचे सहा नवे पैसे धरायचे, पण पावलीचे पंचवीस. म्हणजे चार वेळा आण्या-आण्याची हळद नेणाऱ्याचे चोवीसच होणार! वरचा एक पैसा कोणाचा, यावरून आजोबा आणि वाड्यातल्या आज्या यांची रोज जुंपायची. मग शेराचा किलो झाला. शेर किलोपेक्षा थोडा कमी, त्यामुळे किलोचा भाव साहजिकच जास्त. ‘नवं वजन काढून लुटतोय मेला’ हे वाक्य काका आजीच्या आवाजात म्हणतात आणि मांडव हसतो.

आणि मग पानशेत. १२ जुलै १९६१. काका तेव्हा आठ वर्षांचे. पाणी ओसरल्यावर वडिलांनी फळ्या काढल्या, तर साखरेची पोती जागच्या जागी, आत साखर मात्र नाही. गुळाच्या ढेपांचा चिखलात चिखल झालेला. उधारीची वही सापडली, पण पानं एकमेकांना चिकटलेली, शाई फुटलेली. आईने ती दोरीवर वाळत घातली. त्यावर एकही नाव लागेना. वडिलांनी नवी वही घेतली आणि दारात बसून राहिले. गिऱ्हाइकं आली आणि ज्याने त्याने आपला आकडा स्वतः सांगितला. एका बाईने साडेसात रुपये सांगितले आणि लक्ष्मीपूजनाला येऊन ‘माझंच चुकलं’ म्हणत वर दीड रुपया ठेवला. (गेल्या वर्षी हा दीड रुपया दोन होता. मी काही बोललो नाही.) जे आलेच नाहीत, त्यांचं काका नाव घेत नाहीत. तिथे ते जरा थांबतात, पाणी पितात. मला तेवढंच ऐकायला जायचं असतं.

२०२० च्या टाळेबंदीचं काका बोलत नाहीत, म्हणून मी लिहितो. नव्या इमारतीच्या गॅलऱ्यांतून दोरीने पिशव्या खाली यायच्या आणि काकांचा मुलगा त्या भरून द्यायचा. यंदा त्याच गॅलऱ्यांतून लोक चंद्र बघत होते. ऐंशी खुर्च्या मांडल्या, मोजून एकतीस भरल्या. दुधाची वेळ झाली तशी बरोबर सगळी खाली उतरली.

साखर, केशर, चारोळी दुकानाची, नेहमीप्रमाणे बिलाशिवाय. दूध आटवायला दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि त्यांच्या दोघी जावा. मोठं पातेलं शेजारच्या मंडळाचं. स्पीकरवाला, वायर ओढणारी दोन पोरं, सतरंज्या झाडणारे निवृत्त पोस्टमन काका, पेनं आणणारे खजिनदार. वेलदोडे कोणी कुटले ते राहिलं होतं, ते कोपऱ्यावरच्या शिंपीबुवांनी.

दुधात साखर घालायचा मान दुकानाचा. जुनं पितळी मापटं अजून त्यासाठीच निघतं. यंदा काकांचा हात थरथरत होता, म्हणून नातवाच्या हाती दिलं. तो हिंजवडीला नोकरीला. त्याने पहिलं माप ओतलं आणि म्हणाला, ‘एक.’

‘लाभ!’ एकतीस खुर्च्या एकदम ओरडल्या.

त्याने जीभ चावली, मापटं पुन्हा साखरेत बुडवलं आणि पुढचं ‘दोन’ जरा जपूनच म्हणाला.