आई, जावई आणि जपान: आमची खादाडी आणि खरेदी

टोकियोतल्या पहिल्याच जेवणाला आमची विकेट पडली. आई पक्की शाकाहारी, नवरा मालवणचा, लेक दहा वर्षांची. ‘मांस नको, मासा नको’ असं मोबाइलवर जपानीत दाखवून आईसाठी साधे सोबा मागवले. वाडग्यात नूडल्स, कांद्याची पात, बस्स. आईने एक घोट घेतला आणि वाडगा जावयाकडे सरकवला. “तुमच्याकडे सुकट भाजतात ना, तसला वास येतोय.”

नाक बरोबर होतं. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हे चवीचं पाणी, आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशीची असते: ट्यूनाच्या जातीतला मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक वाळवायचा आणि त्याचा कीस पाण्यात सोडायचा. मिसो सूप, सोबाचं पाणी, शिजवलेल्या भाज्या, अगदी इनारी सुशीचं तळलेलं तोफूसुद्धा यातच मुरतं. त्यांच्या लेखी हा मासा नव्हेच, मीठ-मसाल्यासारखा तो असायचाच. म्हणून ‘मासा नको’ एवढ्यावर थांबू नका. ‘माशाची दाशीही नको’ असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी घरूनच करून न्या. आम्ही ती दुसऱ्या दिवशी केली. दोन ठिकाणी ती वाचून आम्हाला नम्रपणे परत पाठवलं, पण खोटं खायला तरी घातलं नाही.

मग आईचं पोट कशावर चाललं? मुटक्यावर! सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट अशी दुकानं पावलोपावली आहेत, तिथे ओनिगिरी मिळते. भाताचा त्रिकोणी मुटका, पोटात काहीतरी, बाहेर समुद्रशेवाळाचं पान. कागदावर १, २, ३ असे आकडे असतात, त्याच क्रमाने ओढायचं. पान आणि भात यांच्यामध्ये प्लास्टिक असतं म्हणून पान कुरकुरीत राहतं. लेकीने पहिल्यांदा मधूनच फाडलं आणि पान कागदातच राहिलं. आईसाठी उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी घ्यायचो. पण पाकिटामागचा मजकूर प्रत्येक वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचायचा, कारण त्यातही कधीकधी माशाचा अर्क असतो. आनपान नावाचा गोड पावही तिला आवडला. आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं सारण. “पुरणच आहे, वेलदोडा विसरलेत,” हा तिचा शेरा.

गरम जेवणासाठी टोकियो स्टेशनातलं टीज तानतान हे हॉटेल शोधा. रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, पूर्ण वनस्पतिजन्य, तिळाचा दाट रस्सा. केइयो लाइनच्या वाटेवर, तिकीट-फाटकाच्या आत आहे, त्यामुळे बाहेरून शोधत बसाल तर सापडणार नाही. क्योटोला नान्झेन्जी मंदिराजवळ युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं तोफू खाल्लं. जावयाने “आजाऱ्याचं जेवण” म्हणून तोंड वाकडं केलं. बुडवायच्या सॉसमध्ये दाशी असते, तेव्हा आईसाठी आधी विचारून नुसता सोया सॉस घेतला. अगदीच डाळ-भाताची आठवण झाली तर टोकियोत निशी-कासाई गाठा. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे.

जावयाची चैन डेपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात. त्याला देपाचिका म्हणतात. दिवसभर किमती डोळे पांढरे करणाऱ्या, पण दुकान बंद व्हायच्या आधी तास-दीड तास कर्मचारी स्टिकर लावत फिरतात. ‘半額’ ही दोन अक्षरं पाठ करा, म्हणजे निम्मी किंमत. आमचे हे त्या स्टिकरवाल्याच्या मागे मांजरासारखे फिरायचे आणि सुशी हॉटेलवर आणायचे. चालता चालता मात्र खाऊ नका. क्योटोच्या निशिकी बाजारात तशा पाट्याच आहेत. रस्त्यात कचरापेट्याही फारशा नसतात, पर्समध्ये एक रिकामी पिशवी ठेवा.

खरेदीत दाइसो या स्वस्त वस्तूंच्या दुकानाने पैसे वाचवले. बहुतेक वस्तू कर धरून ११० येनला. महागडं काही घ्यायचं असेल तर टोकियोत आसाकुसाजवळच्या काप्पाबाशीला जा. सगळा रस्ता हॉटेलवाल्यांच्या भांड्यांचा. मी तिथे भाजीची सुरी घेतली. ती चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या नव्हे.

आम्ही नोव्हेंबर २०२५ मध्ये गेलो. तेव्हा एका दुकानात एका दिवशी करापूर्वीची किमान ५,००० येनची खरेदी केली की कर तिथेच वजा व्हायचा, पण मूळ पासपोर्ट लागायचा. तो हॉटेलवर ठेवून आम्ही एकदा हात हलवत परतलो. खाऊ सीलबंद पिशवीत द्यायचे आणि देश सोडेपर्यंत ती उघडायची नसायची. लेकीचा हात दोनदा अडवावा लागला. १ नोव्हेंबर २०२६ पासून पूर्ण पैसे भरून विमानतळावर परतावा घ्यायची पद्धत येतेय. तेव्हा तिथे वेळ जास्त धरा, आणि खरेदीची बॅग चेक-इन करण्याआधी कस्टमचं काम उरका.

आईने शेवटच्या दिवशी स्वतः निवडून उमेबोशीचा डबा घेतला. “दहीभाताबरोबर छान लागेल.” पुण्यात आल्यावर लेकीने मोबाइल धरला: कात्सुओ उमे. म्हणजे मासा मुरवलेलं. डबा आता मालवणी फडताळात आहे, निम्मा संपलाय.