अर्पण घटलं की पुढारी कळतो

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पैसा येत असतो तेव्हा सगळेच पुढारी चांगले दिसतात हो, अर्पण घटलं, भाडं थकलं, चार कुटुंबांच्या नोकऱ्या गेल्या की खरा माणूस दिसायला लागतो. बहुतेक वेळा काय होतं, पाळक (पास्टर) आणि मंडळीचे दोन वडीलजन दार लावून बसतात, हिशोब कमिटीपुढे यायचा बंद होतो आणि रविवारी स्टेजवरून "विश्वास ठेवा, प्रभू पुरवेल". प्रभू पुरवेलच, त्यात वाद नाही, पण हे वाक्य हिशोब झाकायला वापरलं की माझं डोकं फिरतं.

बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा ५ वा अध्याय वाचा एकदा. नहेम्या म्हणजे यरुशलेमचा पडलेला कोट पुन्हा बांधून घेणारा यहूदी सुभेदार. दुष्काळ पडलाय, लोक धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकतायत, राजाचा कर भरायला कर्ज काढतायत, पोरंबाळं गुलामगिरीत चाललीत, आणि व्याज घेणारे कोण तर आपलेच यहूदी! इकडे कोटाचं काम अर्धवट, शत्रू टपलेले. दुसरा कुणी म्हणाला असता आत्ता कोट महत्त्वाचा, तुमचं नंतर बघू. नहेम्या भडकला, पण आधी मनाशी विचार केला आणि मग सरदारांना भर सभेत झापलं, आणि त्यात स्वतःला वगळलं नाही, मी आणि माझे भाऊपण पैसा-धान्य उसनं देतोय, चला हे व्याज सोडून देऊ, असं सरळ बोलला. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी घ्यायचे, याने १२ वर्षं सुभेदाराचा भत्ताच घेतला नाही. बरं, त्याच्या पंक्तीला १५० माणसं जेवायची, रोज एक बैल, सहा मेंढरं, म्हणजे उपाशी राहून साधेपणा दाखवणं वगैरे काही नव्हतं, फक्त त्याचं बिल त्याने पिचलेल्या लोकांवर टाकलं नाही.

बायबलातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात तर तक्रारच आहे, यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय. आपल्याकडे असं कुणी बोललं की त्याच्यासाठी प्रार्थना ठेवतात 😄 प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, सगळ्यांना बोलावलं, तुम्हीच सात जण निवडा म्हणाले, आणि स्तेफन, फिलिप्प धरून सातही नावं ग्रीक! म्हणजे ज्यांची कुरकुर होती बहुधा त्यांच्यातल्यांच्याच हातात वाटप गेलं. माझ्या मते प्रौढ पुढारीपण ते हेच, टंचाईत मूठ आवळायची नाही.

प्रेषित पौलाचंही तेच. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली, तर आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक विश्वासू भाऊ (सहविश्वासी) पाठवला, का तर एवढ्या पैशाबद्दल कुणी बोट दाखवू नये. आता साक्षात प्रेषिताला ही काळजी, आणि आपला खजिनदार वर्षानुवर्षं एकच.

"हिशोब उघडा केला तर लोक घाबरून द्यायचं थांबतील" असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलंय. पण त्याच वर्गणीच्या वेळी मासेदोनियाच्या (ग्रीसच्या उत्तरेकडचा प्रांत) मंडळ्या स्वतः संकटात आणि पार कंगाल होत्या, तरी आम्हालाही देऊ द्या म्हणून पौलाच्या मागे लागल्या, आणि त्यांची ती कंगाली पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात उघड लिहून कळवली.