आमची वाटचाल : डावं पान, उजवं पान

आमच्या ऑफिसातलं भिंतीवरचं कॅलेंडर वर्ष सुरू होण्याआधीच बरंचसं भरलेलं असतं, आणि त्यात साइटची एकही तारीख नसते. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन, कोणाच्या मुलीचं शाळेतलं नाटक, हे सगळं आधी लाल पेनानं लिहिलं जातं. ज्याच्या नावावर लाल खूण, त्याच्या साइटवर त्या दिवशी काँक्रीट पडत नाही. कंत्राटदार कितीही घाईत असो. नव्या इंजिनिअरला याचं नवल वाटतं, काही कंत्राटदारांना चक्क राग येतो. नियम बाबांचा. ‘साहेब फार घरवेडे होते,’ असं त्याचं स्पष्टीकरण ऑफिसात सगळे देत आले, मीही देत आले. खरं कारण मला बाबा गेल्यावर कळलं.

इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन आणि साइटवरची देखरेख, एवढंच आमच्या फर्मचं काम. सुरुवातीला ऑफिस म्हणजे घरातली पुढची खोली होती. एक ड्रॉइंग बोर्ड, एक टी-स्क्वेअर, एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर, आणि हिशेबाची वही घेऊन बसलेली आई. ती कागदोपत्रीही भागीदार होती. बाबांना बिल पाठवायचा संकोच वाटे. बिल आई पाठवायची, आठवणीचं पत्र आई लिहायची आणि तिसऱ्या पत्रानंतर फोनही तीच करायची. फर्म बाबांच्या गणितावर तगली की आईच्या फोनवर, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. ट्रेसिंगवरून काढलेल्या अमोनिया प्रिंटचा वास डोळ्यांना झोंबायचा. माझ्या लेखी तो बाबांचा वास.

बाबांचा आवडता माणूस हार्डी क्रॉस. १९३० साली या अमेरिकन प्राध्यापकानं अवघ्या दहा पानांच्या लेखात सलग बीम-कॉलमच्या सांगाड्याचं गणित हातानं सोडवायची रीत दिली. प्रत्येक सांधा आधी घट्ट धरलाय असं समजायचं. मग एकेक मोकळा करायचा, तिथे उरलेला मोमेंट (वाकवणारा जोर) त्याला जोडलेल्या बीम-कॉलममध्ये ज्याच्या-त्याच्या ताठरपणाप्रमाणे वाटायचा, त्यातला अर्धा पलीकडच्या टोकाला पोचवायचा, आणि शिल्लक नगण्य होईपर्यंत हेच करत राहायचं. कॉम्प्युटर आल्यावरही बाबा प्रत्येक इमारतीतला एक सांगाडा असा पेन्सिलनं सोडवत. आम्ही मागून हसायचो. एकदा नव्या मुलानं स्लॅबचा भार चुकीच्या एककात भरला, प्रोग्रॅमनं निमूटपणे सुंदर रंगीत आकृती काढून दिली, आणि बाबांच्या पेन्सिलीशी तिचा मेळ बसेना. त्यानंतर हसणं थांबलं. आता ती पेन्सिल मी चालवते.

नव्या माणसाची मुलाखतही ते एकाच गोष्टीवर घ्यायचे. दोर एक, त्याला दोन माणसं लटकलेली. प्रत्येकानं दोर स्वतःच्या हातानं धरलाय. आता खालच्यानं दोर सोडून वरच्याचे पाय धरले. दोरावरचा भार बदलला का? नाही. वरच्याच्या हातांवरचा? दुप्पट. मग ते सांगायचे की १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या एका हॉटेलात हेच झालं. दिवाणखान्यावरून जाणारे दोन झुलते पूल एकाच लांब सळईवर टांगायचं ठरलं होतं; बांधताना सोय म्हणून एका सळईच्या दोन केल्या, खालचा पूल वरच्या पुलाला टांगला गेला, वरच्या पुलाच्या नटावर दुप्पट भार आला. ११४ माणसं गेली. बदल लहान होता, ड्रॉइंगवर दिसतही होता. हिशेब मात्र कोणी पुन्हा केला नाही. त्यामुळे आमच्याकडे साइटवरून ‘साहेब, इथं एवढं जरा बदललं तर चालेल का’ असा फोन आला की उत्तर ठरलेलं: ‘फोनवर सळई दिसत नाही, येतो.’ आणि ते जायचे, मग रात्रीचे नऊ वाजलेले असोत.

साइटवर त्यांचं भांडण एकाच गोष्टीशी होतं, ती म्हणजे पाणी. पाणी-सिमेंटचं प्रमाण जितकं वाढेल तितकी काँक्रीटची ताकद उतरते, हे डफ अब्राम्सनं १९१८ मध्येच दाखवून दिलं होतं. पण पातळ माल घमेल्यातून सहज ओघळतो, पसरायला कष्ट कमी, म्हणून मिक्सरपाशी नेहमी कोणाचा तरी हात पाइपाकडे जातो. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर ठरलेलं असताना पाचच लिटर जास्त पडलं की प्रमाण ०.५ वरून ०.६ वर जातं. बाबा खुणा केलेली स्वतःची बादली घेऊन मिक्सरपाशी उभे राहायचे. ‘साहेब, माल लई घट झालाय, सरकंना,’ मुकादम म्हणायचा. ‘घट नाही, बेताचा आहे. व्हायब्रेटर लावा,’ हे उत्तर इतक्या वेळा ऐकलंय की मुकादमाचं वाक्य संपायच्या आत आम्ही पोरं ते म्हणून मोकळी व्हायचो. माझा आणि माझ्या भावाचा सुट्टीतला वेळ साइटवर गेला. काटकोन मी भूमितीच्या पुस्तकात शिकले नाही, तीन, चार आणि पाच फुटांच्या अंतरांनी गाठी मारलेल्या दोरीनं शिकले.

बाबा रोज डायरी लिहायचे हे सगळ्यांना माहीत होतं. ३१ डायऱ्या. त्या ऑफिसच्या कपाटात असायच्या, पण साइटची नोंद काढायला कधी तरी एखादं पान बघण्यापलीकडे कोणी त्या वाचल्या नव्हत्या. बाबा गेल्यावर महिनाभरानं मी पहिलीपासून वाचायला बसले. डावं पान साइटचं: हवामान, किती माणसं, किती पोती, कुठल्या कॉलमला कुठली सळई, ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या क्यूबचे क्रमांक. उजवं पान घरचं, आणि त्याच भाषेत. ‘ताप १०१. रात्री २ वाजता ९९.’ ‘सायकल. हात सोडला. अंदाजे ३० फूट गेली.’ ‘दोघांची भांडणं. कारण: खोडरबर.’

आजीच्या रॅम्पला तर चार उजवी पानं आहेत. तिला व्हीलचेअर लागली तेव्हाची गोष्ट. घराचं जोतं ४५० मिलिमीटर उंच, उतार बाराला एक ठेवायचा, म्हणजे रॅम्पची लांबी ५.४ मीटर, दारासमोर एवढी जागा नाही. मग काटकोनात वळण, वळणावर खुर्ची फिरेल एवढा सपाट चौथरा, दोन्ही बाजूंना कठडा. कठड्याची उंची ठरवण्यापूर्वी ते स्वतः खुर्चीत बसून हात कुठवर पोचतो ते मोजत होते. हे मला आठवतं, कारण खुर्ची मी ढकलत होते. आजीनं पहिल्या दिवशी वर-खाली जाऊन पाहिलं आणि म्हणाली, ‘एवढा वळसा कशाला घातलास रे? मला काय मिरवणूक काढायचीय?’ डायरीत तेही आहे. ‘आई नाराज. उतार योग्य.’

तर, गॅलरी.

फर्मच्या चौथ्या वर्षी आमच्याकडून एक गॅलरी बिघडली होती, हे मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. दुमजली घर, भिंतीतून १.२ मीटर बाहेर काढलेली गॅलरी. अशा बाहेर आलेल्या स्लॅबला ताण वरच्या अंगाला बसतो, म्हणून मुख्य सळई वर असावी लागते. स्लॅब १२५ मिलिमीटर जाड, सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, २०, सळई १० मिलिमीटरची. म्हणजे खालच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत १०० मिलिमीटर. ही शंभरची उंचीच गॅलरीला उचलून धरते. घमेली वाहताना माणसं त्या सळईवरून चालतात, आणि ती २५ मिलिमीटर खाली बसली की गॅलरीची जवळजवळ पाव ताकद गेली. वरून काही दिसत नाही. काँक्रीट छान गुळगुळीत दिसतं.

टेकू काढल्यावर तिचं टोक झुकलं, भिंतीलगत वरच्या बाजूला तडा गेला. मालकाच्या लक्षात येण्याआधी बाबांनीच त्यांना बोलावून दाखवलं, गॅलरी फोडून स्वतःच्या खर्चानं पुन्हा घातली. आईच्या हिशेबाच्या वहीत त्या रकमेपुढे एकच शब्द आहे, ‘गॅलरी’, आणि पुढची दोन वर्षं ऑफिसात एकही नवी वस्तू आलेली दिसत नाही. बाबा नेहमी म्हणायचे, ‘चूक माझी होती.’ मला वाटायचं, मोठेपणानं म्हणतात. फर्मचा प्रमुख म्हणून.

त्या दिवसाचं डावं पान: ‘स्लॅब स. ९ ला सुरू. दु. ३.४० पर्यंत गॅलरी सोडून सगळा झाला. माल ठीक. निघालो.’

उजवं पान: ‘४.१५ शाळा. मुलगी झाड झाली होती. हलली नाही. छान.’

मला ते नाटक आठवतं. मी झाड होते, वाक्य एकही नव्हतं, हात वर करून उभं राहायचं होतं. आणि शेवटच्या रांगेत बुटांवर सिमेंटचे शिंतोडे असलेले बाबा बसले होते, हेही आठवतं. त्याच वेळी तिकडे गॅलरीच्या सळईवर माणसं चालत होती, हे मला इतक्या वर्षांनी, त्यांच्या अक्षरात कळलं.

पुढची पानं मी भराभरा उलटली. नाटकाला जायला नको होतं, असं कुठे तरी लिहिलेलं असणार, अशी माझी खात्री होती. टेकू काढल्याच्या दिवसाचं डावं पान गच्च भरलंय: सळई कुठे किती खाली बसली याची पाच ठिकाणची मापं. उजवं कोरं आहे. दुसऱ्या दिवशी उजव्या पानावर तीन ओळी: ‘शाळेची तारीख हलत नाही. स्लॅबची हलवता येते. यापुढे आधी घरच्या तारखा लिहायच्या.’

इंजिनिअर म्हणून मला विचाराल तर त्या दिवशी त्यांचं चुकलंच. निघायचंच होतं तर गॅलरीचं काँक्रीट थांबवून निघणं हाही उपाय नव्हता. तेवढा भाग दुसऱ्या दिवशी सांधा ठेवून नव्हे, सगळा स्लॅबच आधीपासून दुसऱ्या तारखेला घ्यायला हवा होता. त्यांनी स्वतः नेमकं हेच उत्तर काढलं. आज आमच्या प्रत्येक गॅलरीला वरच्या सळईखाली तिला उचलून धरणाऱ्या लोखंडी चेअर लागतात, चालायला वेगळ्या फळ्या टाकतात, आणि काँक्रीट पडण्याआधी सळईला टेप लावून फोटो काढल्याशिवाय आमचा माणूस सही देत नाही.

मी फर्ममध्ये आले तेव्हा आमचे खटके उडाले ते कामाच्या आकारावरून. बाबा एका वेळी सहापेक्षा जास्त साइट घेत नसत, आठवड्यातून एकदा स्वतः जाता आलं पाहिजे म्हणून. मला ते भित्रेपण वाटायचं. सूत्रं हातात आल्यावर मी नऊ घेतल्या. वर्षभरात सातवर आले. जास्त काही सांगण्यासारखं त्यात नाही. आता आम्ही अकराजण आहोत.

शेवटच्या काही वर्षांत बाबा फक्त डिझाइन तपासायला आणि एखाद्या स्लॅबला यायचे. डावी पानं छोटी होत गेली. उजव्या पानावर रोज एकच ओळ, आईच्या रक्तदाबाची: ‘गोळी दोन्ही वेळा.’

ते ज्या शेवटच्या स्लॅबला उभे होते त्याचे सहा क्यूब आम्ही भरले होते, तीन सात दिवसांनी फोडायला, तीन अठ्ठावीस दिवसांनी. सात दिवसांचे आकडे त्यांच्या अक्षरात आहेत. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ते गेले.

अठ्ठाविसाव्या दिवशी लॅबला मी स्वतः गेले. एरवी साइटचा मुलगा जातो. १५० मिलिमीटरचा क्यूब मशीनमध्ये ठेवला की काटा सरकत राहतो, आणि मग एक कोरडा आवाज येतो. पहिला ७०२ किलोन्यूटनला फुटला. चारही बाजू सारख्या सुटल्या, मध्ये डमरूसारखा आकार उरला, म्हणजे नीट फुटला. दुसरा ६८४. तिसरा ७३४.

संध्याकाळी घरी आले आणि डायरीतल्या त्यांनी मोकळ्या सोडलेल्या रकान्यात ताकदीचे आकडे भरले, दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन: ३१.२, ३०.४, ३२.६. सरासरी ३१.४. मागितले होते २५.

उजव्या पानापाशी पेन थांबलं. मी आतल्या खोलीत आवाज दिला, ‘आई, गोळी घेतलीस?’

‘सकाळची घेतली. आत्ताची राहिलीय.’

मी सकाळची लिहिली आणि पाणी आणायला उठले.